सहाशे की बारा

१४ मार्च
छो.कॉ.चा अर्ज गेला एकदाचा. छो.कॉ. म्हणजे बर्लिनचं छोटं कॉलेज. तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, साहित्य सगळं एकाच डिग्रीत, वर्गात बाराजण. मो.यु. म्हणजे मोठी युनिव्हर्सिटी, आमच्या त्सुफेनहाउझेनहून ट्रेननं दीड तास. तिथे फक्त मानसशास्त्र. तिचा अर्ज आबिटुअरचे, म्हणजे इथल्या बारावीचे, मार्क लागल्यावर.
बाबा: "सगळं थोडं थोडं शिकून माणूस नक्की होतो काय?"
उत्तर तयार होतं माझ्याकडे. पहिल्याच अक्षरावर जीभ अडकली, नेहमीसारखी. तेवढ्यात बाबांना ऑफिसचा फोन आला, राहून गेलं.
रोजनिशी मराठीतच लिहिणार. दहा वर्षांची होईपर्यंत नाशिकला होते, लिहायला बसलं की अजून तीच आधी येते. आणि इथे जर्मनच्या डेर-डी-डासची कटकट नाही.

३ एप्रिल
एश्बॉर्नचे जोशीकाका-काकू जेवायला. काका आयटीतले, पण मूळ धंदा सल्ले देणं.
"त्या कॉलेजचं नाव ऐकलंय का कुणी? सीव्हीवर नावच दिसतं." बाबा नुसतं गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर.
मग आवाज खाली आणून, मी समोर बसलेली असताना: "आणि हिला तिथे रोज बोलावं लागेल हो. मोठ्या ठिकाणी बरं. सहाशे मुलं, कुणी काही विचारत नाही."
आईनं आमटीची वाटी जरा जोरातच ठेवली.
राग आला, पण काकांचा नाही. मो.यु. मी यादीत घातली ती याच कारणासाठी. कुणाला सांगितलं नव्हतं, इतकंच.

१८ एप्रिल
बाबांबरोबर मो.यु. पाहून आले. शाळेच्या मुलांना लेक्चरला बसू देतात. हॉल केवढा! शेवटच्या रांगेत बसलो. विषय: आठवणी कशा बदलत जातात. शिकवणाऱ्या बाईंनी आधी एक फोटो दाखवला, नंतर त्यात काय होतं ते विचारलं. सगळा हॉल ठामपणे चुकला. मीसुद्धा, बाबासुद्धा. बाबा परतताना ट्रेनभर तेच, "मला तर ती लाल छत्री दिसली होती!" छत्रीच नव्हती.
मनापासून आवडलं. लायब्ररी तर... तिथे राहायलाच जावं.
एक प्रश्न होता मनात. विचारला नाही. विचारायची वेळच येऊ नये म्हणून तर शेवटची रांग.

७ मे
छो.कॉ.चं बोलावणं!! २२ तारखेला बर्लिन. आधी मुलाखत, मग एक खराखुरा सेमिनार. सोबत वाचायला वीस पानं, प्रत्येकानं बोलायचंच.
आई: "त्यांना लिही ना, माझं लेखी चालेल का म्हणून. सवलत असते गं तशी."
मेल लिहिली. पाठवली नाही.

९ मे
फ्राऊ लेंत्सकडे. सहा वर्षं त्यांच्याकडे बोलण्याच्या थेरपीला जातेय. त्यांना मेल दाखवली. वाचली आणि भलतंच विचारलं: या आठवड्यात काय काय बोलायचं होतं आणि बोलली नाहीस?
मोजायला लागले. बेकरीत मला हवं असतं केझेब्र्योटशन, चीजचा पाव, पण 'क' नको म्हणून बोट दाखवून "त्यातलं एक" म्हणते. शेजारणीला तिच्या कुत्र्याचं नाव विचारायचं होतं. वर्गात तीन वेळा उत्तर येत होतं. बाबांना तर मार्चपासून...
अकराव्याला थांबले. रडू येईल असं वाटलं, तर हसूच आलं. काय हे! आणि हा एकच आठवडा.
मेल डिलीट.

२२ मे
बर्लिन. परतीच्या गाडीत लिहितेय.
गोल टेबल, बाराजण, एक प्राध्यापक, जीन्सवाले. आधी ओळख. माझं नाव केतकी. म्हणजे सुरुवातच 'क'! क, क, क... किती वेळ गेला माहीत नाही. आलं शेवटी. आणि त्यानंतर जे आयुष्यात कधी बोलले नव्हते ते बोलले: "मी अडखळते. माझा शब्द मीच पुरा करते. जरा थांबा."
झालं. जमीन फाटली नाही. प्राध्यापक म्हणाले, "बरं, आपल्याकडे दोन तास आहेत."
पानं होती वचनांवर. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायलाच हवा का? हॅम्बुर्गचा एक मुलगा, फारच हुशार, म्हणाला, नाही. ऐकणारा गेला, वचन संपलं. सगळे माना डोलवायला लागले आणि माझा हात वर. मी केलाच नाही, तो आपोआप गेला.
बाबांचं सांगितलं. आत्या शेवटच्या आजारात असताना बाबांनी तिला शब्द दिला, सिगरेट सोडतो. आठ दिवसांत आत्या गेली. त्यानंतर बाबांनी ओढली नाही. ओढली असती तर तिला काय कळणार होतं? म्हटलं, शब्द घेणारी गेली, पण देणारा आहे ना अजून. त्याला रोज सकाळी स्वतःबरोबर उठावं लागतं.
मध्ये हॅम्बुर्गवाल्यानं माझा एक शब्द पुरा करायला घेतला. चुकीचा. म्हटलं, "नाही, दुसरा." सगळे हसले, तो कानापर्यंत लाल, मीही हसले. मग खरा शब्द सांगितला. मोजून सात मिनिटं बोलले मी. सात!
नंतर तोच दारात म्हणाला, "मला अजून पटलेलं नाही, पण विचार करतोय." इतकं छान मला आजवर कुणी काही म्हटलेलं नाही.

२३ मे
बाबा: "माझी सिगरेट बर्लिनला जाऊन सांगितलीस?"
"हो."
"किती लोक होते?"
"बारा. आणि सर."
"पूर्ण ऐकलं त्यांनी?"
"पूर्ण."
बाबांनी उठून चहा टाकला, तोही सगळ्यांना. आई चकित.

११ जून
छो.कॉ. = हो!!! आईनं शिरा केला. ३१ जुलैला दुपारी बारापर्यंत कळवायचं.

२ जुलै
तोंडी आबिटुअर. अडखळणाऱ्यांना जादा वेळ मिळतो. आजवर लाज वाटायची मागायला. आज मागितला आणि शेवटच्या सेकंदापर्यंत वापरला. पंधरापैकी चौदा! एक पॉइंट का गेला ते विचारलं. माझ्या तोंडानं. कारण पटलं.
संध्याकाळी मो.यु.चा अर्ज भरला.

१९ जुलै
घरात उलटंच सुरू झालंय. बाबा आता छो.कॉ.च्या बाजूनं. जोशीकाकांना फोनवर: "अहो, नाव काय करायचंय? तिथे पोरीचं ऐकून घेतात." 
आणि मी? मला मो.यु. परत दिसायला लागलीय. तो हॉल, त्या बाई, ते फोटो. तेव्हा लपायला हवी होती, ती गरज आता नाही. मग उरलं काय? पुष्कळ उरलं, हीच पंचाईत.
आई: "अगं, जिथे बोलता आलं तिथे जा."
पण फक्त तिथेच आलं तर?

२२ जुलै
एकटी गेले मो.यु.ला. त्याच बाईंचं लेक्चर. तिसऱ्या रांगेत बसले.
"काही प्रश्न?" हात वर. माईक फिरत फिरत आला. विचारलं: चुकीची आठवण चुकीची आहे हे कळल्यावरही ती दिसायची थांबते का? माझ्या बाबांना अजून लाल छत्री दिसते.
मध्ये दोनदा अडकले. माईकवर अडखळणं म्हणजे भिंतींनाही अडखळल्यासारखं. मागे कुणीतरी खुसखुसलं. मी थांबले नाही, पुरा केला प्रश्न.
बाई म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. छत्री जाणार नाही." हॉल हसला, पण छत्रीला. मग दहा मिनिटं फक्त माझ्या प्रश्नावर बोलल्या.
स्टेशनपर्यंत अक्षरशः पळत आले. गाडीला अजून वीस मिनिटं होती.

२७ जुलै
मो.यु. = हो.
दोन्ही. दोन्ही!!

३१ जुलै, सकाळ
आज बारापर्यंत. बाबांनी अर्धी सुट्टी घेतलीय, म्हणे बाल्कनीचं दार दुरुस्त करायचंय. दार नीट आहे. आई तिसऱ्यांदा तेच कपडे घडी करतेय. दोघंही काही सुचवत नाहीयेत. किती अवघड जात असेल त्यांना!
दोन्ही पत्रं समोर आहेत. छो.कॉ.चं टेबल की मो.यु.चा हॉल? पहाटे एक ठरलं होतं, दात घासताना दुसरं. दोन्हीची भीती वाटत नाही, हे इतकं नवं आहे की त्याचीच मजा वाटतेय.
एकीकडे हो, दुसरीकडे नाही. नाही म्हणायला दोन ओळींची मेल पुरते, तसं वेबसाइटवर लिहिलंयच.
पण मी फोन करणार आहे.