पाय लागला की

मुठा, ता. मुळशी

प्रिय आई,

सप्रेम जय भीम. मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का?

इथल्या कराटेत खरंखुरं मारतात, पण तोंडावर बुक्की मारत नाहीत, तेव्हा काळजी करू नकोस. जिना उतरताना तेवढा कठडा धरावा लागतो.

अडचण वेगळीच आहे. माझी लाथ सरावातल्या जोडीदारणीला, साधनाला बसली, की पाय लागला म्हणून माझा हात आपोआप तिला शिवून नमस्कार करतो. तेवढ्यात ती मला आडवी करते. सगळे हसतात. शिकवणारे किशोरसर ओरडतात, "ओ मॅडम, लढाया आलाय का पाया पडाया?"

मीही हसते. पण आई, स्टँडवरच्या टवाळांना भिऊन मी सांभाळते त्या वसतिगृहातल्या दोन मुली शाळा सोडून गेल्या. आता सायलीचे वडील तिलाही न्यायचं म्हणतात. मुलींना शिकवा म्हणून मी सरांच्या मागे लागले, तर म्हणाले, "आधी तुमी टिका. पुढच्या रविवारच्या लढतीत उभ्या ऱ्हायलात, तर येतो." मी रोज पडते आहे. दुसरं काही सुचत नाही.

ही सवय तू लावलीस, तुझ्याशिवाय ती सुटायची नाही. फोनवर मला रडू फुटेल, म्हणून लिहिते आहे. पत्र मिळताच अतुलच्या फोनवरून एवढंच म्हण, "तू मार, नमस्कार मी करते."

तुझीच,
वृषाली