मीटरवर चोवीसच

रोहा, गुरुवार, संध्याकाळ

पॅकिंगची मशीन आज पुन्हा मध्येच थांबली. आमचे सुपरवायझर म्हात्रेदादा म्हणालेत, फॉल्ट दाखव, मगच नांदेडला जा. परवा ताईची हळद.

फॉल्ट मला कळलाय. सेन्सरच्या वायरीत व्होल्टेज क्षणभर पडतं आणि पापणी लवायच्या आत परत येतं. मशीन थांबायला तेवढं पुरतं. पण डिजिटल मीटरचा आकडा सेकंदात दोन-तीनदाच बदलतो, मधलं त्याला दिसतच नाही. सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवणारं मिन-मॅक्सचं बटण दाबून बघितलं, तरी चोवीस व्होल्टच. तेही इतकं झटपट पकडत नाही.

आज दादांसमोरच मशीन थांबली. त्यांनी आधी मीटर बघितला.

"चोवीस हाय. सप्लाय बरोबर हाय."

"पण दादा, मशीन बंद पडलीय ना!"

"तूच हात लावला असशील. मीटरवर दाखव, मंग पिशवी भर."

मीटरवर कुठून दाखवू? पेणच्या रिपेअरवाल्याकडे स्कोप आहे, तो व्होल्टेजची रेघ पडद्यावर काढतो, त्यावर दिसेल, म्हटलं. तर हसले. "तुझ्या लग्नात आणू हां."

आत्ता ताईचा फोन आला. यायचं नक्की नाही म्हटलं. "तिथं असं झालंय तरी काय रे?"

काय सांगणार? म्हटलं, काही नाही.

"मग ये ना," म्हणाली.