पापुद्रा

४ जानेवारी

पोचलो एकदाचे! दोन बॅगा, एक बादली आणि माझी लेक ठकी, एवढाच संसार. टेम्पोवाल्याने विचारलं, बाई, बादली कशाला वाहून आणली? त्याला म्हटलं, नव्या घरात बादली नसली की पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांपुढे हात पसरावा लागतो. तो हसला आणि सामान वर आणून दिल्याचे जास्तीचे पैसे घ्यायला विसरला. शुभशकुन म्हणायचा.

ठकीचे बाबा गेल्यापासून मी एकटीच बडबडत असते, म्हणून ताईने ही वही दिली. म्हणाली, भिंतीशी बोलण्यापेक्षा वहीशी बोल, निदान लोक वेडी म्हणणार नाहीत. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तोंडाने फटकळ, पण माझं सगळं तिच्यावरच चालतं.

घर वरच्या मजल्यावर आहे. पुढच्या दोन खोल्यांत मालकीणबाई राहतात, मागची एक आम्हाला. मध्ये लांबलचक काचेची खोली आहे आणि तीच इथली खरी मालकीण. तिथे फळ्यांवर वाटीएवढ्या कुंड्या मांडल्यात. काम रोपांचं, राहणं फुकट, ठकीची शाळा रस्ता ओलांडला की. आणखी काय हवं माणसाला!

६ जानेवारी

रोपं म्हणजे काय, तर दगड. खरंच, नदीतले गोटे असावेत तसे. लिथॉप्स म्हणतात, जिवंत दगड. दोन जाड पानं एकमेकांना चिकटलेली आणि मध्ये एक फट. ठकीने पाहिल्याबरोबर ते कशासारखं दिसतं ते मोठ्यांदा सांगितलं. इथे लिहिण्यासारखं नाही, पण पोरगी चुकली नव्हती. मालकीणबाईही हसल्या.

लांबलांबचे हौशी लोक पत्र पाठवून ही रोपं मागवतात. मी माती झाडायची, मुळं मोकळी करायची, पातळ कागदात गुंडाळून खोक्यात बसवायची. पानांवरची धूळ बारीक ब्रशने उडवायची, बोटाने पुसायची नाही.

सगळ्यात मोठा नियम कातीचा. वर्षातून एकदा रोप कात टाकतं. फटीतून नवी जोडी वर येते आणि जुन्या जोडीतलं पाणी पिऊन वाढते. जुनी सुरकुतते, वाळते, शेवटी नुसता पापुद्रा उरतो. तेवढे दिवस पाण्याचा थेंब द्यायचा नाही. जुन्यात आहे तेवढं नव्याला पुरतं, असं मालकीणबाई म्हणाल्या. पापुद्रा हाताने ओढायचा नाही, तो आपण होऊन सुटतो.

११ जानेवारी

मालकीणबाई दिसतात कडक, पण मायाळू असाव्यात. आज पुड्या बांधता बांधता त्यांनी ठकीबद्दल विचारलं. मग काय, माझी टकळी सुरू. आठ वर्षांची आहे पण पाच वर्षांची दिसते. अंगाला काही लागत नाही. जिना चढली की छातीत शिट्टी वाजते. दोन डॉक्टर झाले. एक म्हणाला वाढेल हळूहळू, दुसरा काहीच बोलला नाही आणि मला तोच खरा वाटला. म्हटलं, माझं उरलेलं आयुष्य तिला लागू दे, मला नको काही.

त्यांचा ब्रश थांबला. हे खरं म्हणतेस की सवयीने, असं त्यांनी विचारलं. मला जरा रागच आला. सवयीने कोण म्हणेल? म्हटलं, खरं म्हणते.

त्यांनी खालच्या फळीवरून एक कुंडी काढली. राखाडी रोप, वर लालसर रेघा. मला म्हणाल्या, तुझ्या हाताने दे तिला. ठकीने नाचत नाचत ती तिच्या उशाशी, खिडकीत ठेवली.

२५ जानेवारी

ठकीच्या दगडाची फट उघडली! आत हिरवट काहीतरी दिसतंय. सकाळी उठल्याबरोबर ती आधी त्याला बघते, मग मला. मी आपली दुसऱ्या नंबरावर.

आणि खाते! ताटात काही उरत नाही. ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, दृष्ट लावू नकोस स्वतःच्याच पोरीला.

मला मात्र इथलं पाणी मानवत नाही. मातीसारखं लागतं.

९ फेब्रुवारी

आज ठकी जिना धावत चढली. वर आली तर शिट्टी नाही, धाप नाही, काही नाही. मी काचेच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. सुखाचं रडू इतक्या वर्षांनी आलं, पण डोळ्यांत पाणी काही आलं नाही. नुसतेच हुंदके.

तिचे फ्रॉक आखूड झालेत. दुपारी त्यांची शिवण उसवून सोडली आणि त्याच सुईने माझा परकर आत घेतला. ती भरतेय, मी उतरतेय. म्हटलं, चला, घरातलं वजन घरातच राहिलं.

हात फार कोरडे पडलेत. मातीत काम, दुसरं काय. तेल चोळते, ते वरच्या वर राहतं.

२० फेब्रुवारी

मालकीणबाईंच्या खोलीत पहिल्यांदाच गेले. भिंतीवर त्यांचा फोटो आहे. तोच चेहरा, तेच कपाळ, फक्त साडी जुन्या वळणाची. छान आलाय तुमचा फोटो, असं मी म्हटलं. तर म्हणाल्या, माझा नाही, आईचा.

कशाने गेल्या म्हणून विचारलं. म्हणाल्या, हलकी होत गेली. लहानपणी मीही ठकीसारखीच होते, काडी नुसती. एवढं बोलून त्या चहा ओतू लागल्या. माझ्यापुढे कप ठेवलाच नाही. विसरल्या असतील. तसाही मला घसा उघडून काही पिता येत नाही हल्ली, तोंडात घेतलं की परत येतं.

परत येताना आरशात पाहिलं. गालाला चिमटा काढला तर कातडी तशीच उभी राहिली. मी बोटाने दाबून बसवली.

२ मार्च

आज माझ्याकडून नियम मोडला. लिहून ठेवते, म्हणजे मन हलकं होईल.

ठकी शाळेत गेली होती. खिडकीतली कुंडी पाहिली. नवी जोडी टपोरी, चकचकीत. जुनी तिच्या दोन बाजूंना लोंबतेय, कुणी न विचारलेल्या म्हातारीसारखी. वाटलं, इतकी निर्दय वागणूक कशाला? नवं पोसतंय ना, मग जुन्याने तहानेने का मरायचं? दोन चमचे पाणी घातलं. मातीने ते सुर्रकन ओढून घेतलं.

आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. किती दिवसांनी! माठाशी गेले, तांब्याभर प्यायले, वर आणखी प्यायले. गोड लागलं. हात मऊ पडले, डोळे ओले झाले, माझं मलाच हसू आलं.

दुपारी शाळेतून निरोप आला. ठकीचा श्वास अडकलाय, लवकर या.

३ मार्च

ओठ निळे. अंग सुजलंय, घट्ट, ताणलेलं. डॉक्टरीणबाईंनी वाफ दिली, इंजेक्शन दिलं. काही कळत नाही म्हणाल्या.

मालकीणबाई आल्या, त्यांनी ठकीकडे पाहिलंच नाही. सरळ खिडकीशी गेल्या, मातीत बोट घातलं आणि माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता.

रोप उपटलं त्यांनी. ओली माती झाडली, उघडी मुळं वाऱ्यावर ठेवली. मग मला समोर बसवून म्हणाल्या,

"जुन्याला पाणी मिळालं की ते सोडायला तयार होत नाही. नवं आतल्या आत गुदमरतं. तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं ना मी?"

मुळं सुकत गेली तसतसा ठकीचा श्वास मोकळा झाला. मग त्यांनी रोप कोरड्या मातीत परत लावलं. ती उठून बसली, भूक लागली म्हणाली. माझी जीभ टाळूला चिकटली होती, मला तिला हाक मारता येईना.

९ मार्च

योगायोग असेल. असं मनाला बजावून आज ठकीसमोरच भांडं तोंडाला लावलं. एक घोट. तो गोड लागला, घशाखाली गेला.

तिने हातातली पेन्सिल टाकली आणि गळा धरला.

मी घोट परत काढला. घशात बोटं घालून.

योगायोग नाही.

१४ मार्च

मालकीणबाईंच्या पाया पडले. म्हटलं, हे परत फिरवा. मी तोंडातून काहीतरी बोलून गेले, म्हणून इतकं खरं करायचं असतं का? त्या म्हणाल्या, त्यांच्या आईनेही हेच विचारलं होतं.

मग मी चिमटा उचलला, कुंडीवर धरला. खुडूनच टाकते म्हटलं. त्यांनी अडवलं नाही. शांतपणे म्हणाल्या,

"खुडायचं तर खूड. पण कुठली जोडी खुडशील? मुळं एकच आहेत."

चिमटा खाली ठेवला.

मला भीती वाटते. मरायची वाटते, ते लिहायला लाज कशाला? पोरीसाठी जीव देईन म्हणणं सोपं असतं. तो असा घोटाघोटाने द्यायचा असतो हे कुणी सांगत नाही.

१९ मार्च

ठकी किती उंच झाली. माझा चेहरा घेतलाय तिने. माझं कपाळ, माझी हनुवटी, जशीच्या तशी.

माझं सगळं तीच करते. खुर्ची उजेडाकडे वळवते. दुपारी ऊन चढलं की पडदा ओढते. आज तो बारीक ब्रश घेऊन आली आणि माझ्या कपाळावरची धूळ उडवली, गालांवरची उडवली. हळूच. बोट लावलं नाही.

कोपरापाशी पापुद्रा सुटलाय. मी ओढायला गेले. तिने माझा हात धरला, म्हणाली, "आई, आपण होऊन सुटू दे."

तिला हे मी शिकवलेलं नाही.

२३ मार्च

ताईचा फोन. माझा आवाज तिला ओळखू येईना. काय झालंय तुला म्हणून ओरडत होती. येऊ नकोस म्हटलं. तिने ऐकलेलं मी कधी पाहिलं नाही.

माठ समोर आहे. सारखं तिकडेच लक्ष जातं. ठकीला सांगितलं, माठ बाहेर ने. नेला. आता त्याच्या पाझरण्याचा आवाज—नाही, माठाला आवाज नसतो.

२८ मार्च

बोटं वाळली. पेन धरवत नाही.

थोडेच दिवस. मग ठकी मोकळी. शाळेत पहिली आली धावण्यात. पहिली!

घशात कागद. गिळला की वाजतो.

पण पोरगी धावली—

३० मार्च

ताई आली. बरोबर डॉक्टर. मालकीणबाई दारात उभ्या.

ताई रडतेय. तुझी ही दशा कुणी केली म्हणते. मला बोलता येत नाही. ओठ उघडले की चिरतात. खुणेने वही मागितली, तिने दिली. लिही बाई, काय हवं ते लिही म्हणाली.

लिहिलं—पाणी नको. तिने वाचलं. डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले भ्रम होतो अशाने, आधी सलाईन.

सलाईन नको. मोठ्या अक्षरांत लिहिलं. ठकी गुदमरेल. ताई, तुझ्या पाया—

माझा डावा हात तिने धरून ठेवलाय. ती म्हणते ठकी मजेत आहे, बाहेर दोरीवरच्या उड्या मारतेय. ऐक म्हणते.

ऐकतेय. दोरी फरशीवर आपटतेय. टप, टप.

मालकीणबाई, तुम्ही तरी सांगा. मान फिरवली त्यांनी.

सुई टोचली.

थंड. दंडापर्यंत थंड. देवा, किती गोड—नको. काढा. मला सुख होतंय, काढा ते. डोळ्यांतून पाणी येतंय माझ्या. ताईला वाटतं बरं वाटतंय मला, ती हसतेय.

टप. टप.

ताई, बाहेर जा. आधी तिच्याकडे बघ. ताई, दोरीचा आवाज—