तुम्ही आवरून ठेवलेलं घर

काका, तुम्ही घर आवरून गेलात हे मला अजून पचलेलं नाही. तुम्ही मेलात त्याचा धक्का त्यामानाने कमीच. वय झालेलं, वर सिगारेटी. पण घर आवरून? तुम्ही?

मी तुम्हाला काका म्हणायचो, कारण आमच्यात मोठा माणूस दिसला की काकाच. तुम्ही अर्थ विचारलात. मी म्हटलं, बापाचा भाऊ. "बापाला विचारलंस का?" म्हणालात. बाप इथे डेट्रॉईटला कार कंपनीत इंजिनिअर, आणि मी कॉलेज सोडून युनिव्हर्सिटीच्या आर्काइव्हमध्ये जुन्या कागदांची खोकी उचलत होतो. तेव्हा, ऐंशीच्या दशकात, तो मलाच मुलगा मानायला तयार नव्हता, तर तुम्हाला कुठे भाऊ मानणार. तुम्ही बुडापेस्टचे इतिहासकार, तिथल्या सरकारी दप्तरखान्यात काम केलेले. १९५६ मध्ये तिथे रशियाविरुद्ध झालेल्या बंडानंतर पळून आलात, इथे आधी हॉटेलात भांडी घासलीत, मग मेलेल्यांचे कागद सांभाळलेत. "दोन्हीकडे दुसऱ्याचं उष्टंच, फक्त इथे धुवायचं नसतं," असं म्हणायचात. तुमच्या डब्यातल्या सॉसेजला मी आर्काइव्हचं लेबल लावायचो, 'अवस्था नाजूक.' तुम्ही शांतपणे पेन्सिलीने खाली लिहायचात, 'वाचकांना उपलब्ध नाही.'

एकदा एका हंगेरियन म्हातारीचे कागद येतात, बुटांच्या खोक्यांतून. मी हुशारी करतो. रेसिपी एकीकडे, बिलं एकीकडे, पत्रं तारखेप्रमाणे. तुम्ही जेवून येता, बघता आणि मटकन खुर्चीत बसता.

"हॉस्पिटलचं बिल कशात होतं?"

"केकच्या रेसिपीत."

"तिने ते तिथे का ठेवलं असेल?"

"मला काय माहीत काका. पसारा होता यार."

"ते परत तिथे ठेव. बाकीची म्हातारी तू मारलीस. माणूस कागदात नसतो रे. कुठला कागद कशाला चिकटलाय, त्यात असतो."

त्यानंतर मेलेल्या माणसाचा पसारा मी कधी हलवला नाही. म्हणून तुम्ही गेल्यावर, मागे कोणी नाही म्हणून, ऑफिसने मलाच तुमच्या घरी पाठवलं तेव्हा खरं सांगतो, मी खूश होतो. आता कळणार, काकांचं काय कशाला चिकटलंय. मी कुठे चिकटलोय का, तेही बघायचं होतं.

दार उघडलं. सगळं ए टू झेड. पत्रं नावांप्रमाणे, बिलं वर्षांप्रमाणे, अर्धवट राहिलेलं पुस्तक एका फाइलीत. स्वयंपाकघरातले खण पुसून रिकामे. कशालाच काही चिकटलेलं नाही. मी जमिनीवरच बसलो. घरमालकीण दारातून म्हणाली, "अख्खा हिवाळा आवरत होते. मी विचारलं, घर बदलताय का? हो म्हणाले."

मग मला तुम्ही एकदा गाडीत सांगितलेलं आठवलं. बंडानंतर लांब कोटवाले, म्हणजे गुप्त पोलीस, तुमच्या मित्राच्या घरी आले. त्यांनी पत्रं वाचलीच नाहीत. टेबलावर कशाजवळ काय पडलंय एवढंच पाहिलं, आणि त्यावरून आणखी माणसं उचलली. मला वाटलं होतं, म्हातारा फेकतोय. त्या जमिनीवर बसून पटलं. पण काका, इथे कुठले कोटवाले होते? इथे येणार होतो तो मी. मला पसारा वाचायला शिकवलंत आणि शेवटी माझ्यापासूनच लपलात.

आता मी तुमच्या वयाचा झालोय. मुलगी म्हणते, "डॅड, युअर डेस्क इज अ क्राइम सीन." मी हात लावू देत नाही. हे पत्र कुठे पाठवणार? विजेच्या बिलाखाली सरकवतोय, सॉसेजच्या रिकाम्या पाकिटाला चिकटवून. बसू दे तिला डोकं खाजवत.

फक्त गेल्या रविवारी ती बाहेर गेली, तेव्हा एक खण मात्र मी आवरला. पुसूनसुद्धा घेतला.