अनावश्यक सावध

शुक्रवार, १४ मार्च

प्रिय ताई,

आईचा गुडघा आता बरा आहे. काठी न घेता ती जिना चढते आणि वर गेल्यावर काठी शोधते. स्वयंपाकघरातला नळ मी दुरुस्त केला. भाऊजींना सांग, त्यांनी दिलेला वॉशर एक माप मोठा होता. आता गळत नाही.

आई परवा म्हणाली, "तुमचं दोघींचं काय बिनसलंय?" मी म्हटलं, कामाचा ताण आहे. "दोघींनाही एकदम?" असं तिने विचारल्यावर मी ताट उचलून खोलीत गेले. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाचा तेवढा एक फायदा आहे.

रुग्णालयामागच्या संरक्षक भिंतीचं काम आमच्या कंपनीला मिळालं नाही, हे आधीच कळलं होतं. कारणं समजावून सांगायला खात्याने बोलावलं, म्हणून मालक आणि मी आलो. मूल्यांकन समितीवर कोण आहे ते तोवर गुप्त असतं. शिवाय तू पाणीपुरवठ्याकडे, हे काम इमारत शाखेचं, त्यामुळे तू तिथे असशील हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दार उघडलं तर लांब टेबलापलीकडे तिघं. मधे अध्यक्ष, एका बाजूला लेखा शाखेचे गृहस्थ, दुसऱ्या बाजूला तू, आईने विणलेला करडा स्वेटर घालून.

"बसा मॅडम," तू म्हणालीस. मला.

लग्नानंतर तुझं आडनाव बदललं. चेहरा तू बाबांचा घेतलास, मी आईचा. खोलीत कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. बाहेर पडल्यावर मालक म्हणाले, "त्या कडेच्या बाई फारच कडक दिसतात. आपण काय घोडं मारलंय त्यांचं?" मी म्हटलं, माहीत नाही. या मंगळवारी मी त्यांना खरं सांगितलं.

आता कामाचं. आमची पद्धत अशी होती की उतार सबंध उघडायचा नाही. त्याचे तुकडे पाडायचे, एक सोडून एक खणायचा, खणलेल्या जागी भिंत उभी राहिली की मगच शेजारच्या तुकड्याला हात लावायचा. खाली परिचारिकांचं वसतिगृह आहे, माती सुटली तर तिथेच जाणार. याला वेळ जास्त लागतो, पण जाहिरातीत दिलेल्या मुदतीत काम बसत होतं. ज्यांना काम मिळालं ते सगळा उतार एका झटक्यात कापणार आहेत.

पद्धतीसाठी चाळीस गुण होते. अध्यक्षांनी चौतीस दिले, लेखावाल्यांनी तेहतीस आणि तू एकोणीस. तुझा शेरा: "पद्धत अनावश्यक सावध. वेळकाढू." मुदतीआधी काम संपवलं नाही म्हणून गुण कापायचे, असा निकष जाहिरातीत कुठेही नाही. जे आधी सांगितलं नाही, त्यावर नंतर मोजायचं नाही. हे मी तुला शिकवायची गरज नाही. तिघांच्या सरासरीत आम्ही चार गुणांनी मागे पडलो. तू त्या दोघांसारखे गुण दिले असतेस, तर काम आमचं होतं.

फोनवर तू काय म्हणालीस ते मी जसंच्या तसं लिहिते, लहानपणी तू मला ठेवलेल्या नावासकट, कारण नंतर तू म्हणशील की मी तसं बोललेच नाही.

"फूटपट्टी, तू तरी समजून घे. जास्त दिले असते आणि उद्या कोणी नातं शोधून काढलं असतं, तर बहिणीला काम दिलं म्हणून गावभर झालं असतं."

"मग उठायचं होतंस."

"पहिल्यांदाच समितीवर घेतलं होतं गं मला. प्रस्ताव उघडल्यावर तुझं नाव दिसलं. उठून काय सांगू लोकांना?"

"खरं."

"तुला सोपं आहे बोलायला."

आणि तू फोन ठेवलास.

ताई, तू पक्षपात टाळला नाहीस. उलट्या दिशेने केलास. पारडं कोणत्या बाजूने दाबलं याने काय फरक पडतो? बोट तर लावलंस ना! आपल्याच माणसाला दोन फटके जास्त मारून दाखवले की हात स्वच्छ होतात, असं तुला कोणी सांगितलं? आमच्या आराखडेवाल्यांची, मालकांची आणि माझी मेहनत तू स्वतःच्या नावाला डाग लागू नये म्हणून पुसायला वापरलीस. आणि वर "मॅडम"!

त्यात ती पद्धत कोणाची? घरामागे टाकीचा खड्डा खणला तेव्हाचा मातीचा ढीग आठव. मी त्याची एक बाजू सबंध कोरली आणि सगळा ढीग माझ्या पायांवर आला. तू मला ओढून काढलंस, पोटभर रडू दिलंस, मग दाखवलंस. एक घास घ्यायचा, एक सोडायचा. प्रस्तावातलं ते प्रकरण लिहिताना मला वाटत होतं, हे ताईने वाचायला हवं होतं.

तू वाचलंस. एकोणीस गुणांपेक्षा ते जास्त लागलं. यावर मी पुन्हा लिहिणार नाही.

आम्ही सोमवारी अपील दाखल करतो आहोत. निकाल लागेपर्यंत उताराला कुदळ लागणार नाही. मालकांचं म्हणणं, निकषाचा मुद्दा भक्कम आहे, तेवढाच मांडू. "घरातलं घरात राहू दे, पोरी. बहीण परत मिळत नाही." दोन दिवस मीही तसंच धरून चालले. पण तेवढ्यावर जिंकलो, तर हीच समिती पुन्हा गुण देणार. तू त्याच खुर्चीत बसशील आणि या वेळी कदाचित छत्तीस देशील. ते छत्तीसही मला नकोत. समिती नवी हवी, आणि ती का हवी हे सांगायचं तर नातं सांगावं लागतं. नव्या समितीने एकोणीसच दिले, तर मी गप्प बसेन. ते निदान माझ्या कामाचे असतील.

तुझं नाव माझ्या हाताने लिहायला मला आवडलेलं नाही. तू आधी अध्यक्षांना जाऊन सांगितलंस, तर "सदस्याने स्वतः कळवले आहे" एवढं वाक्य मी अपिलात घालेन. त्यासाठी जागा सोडली आहे. तुझ्या बढतीचं काय होईल, मला ठाऊक नाही. काही होणार नाही असं मी लिहू शकत नाही.

आई उद्या तुझ्याकडे येताना हे पत्र आणेल. आत काय आहे ते तिला माहीत नाही, तू वाचत असताना ती तुझ्या चेहऱ्याकडे बघेल. तिला तूच सांग. स्वेटरच्या उजव्या बाहीचा टाका निघालाय, टेबलापलीकडून दिसत होता. तो तिच्याबरोबर पाठव, घालून देईल.

अपील मी सोमवारी दुपारी देणार आहे. सकाळ तुझी आहे.

तुझी सख्खी धाकटी बहीण

(अपिलाच्या पहिल्या परिच्छेदातही नातं याच शब्दांत लिहिलं आहे.)