छातीच्या उंचीचा ठोकळा

देवास, मंगळवार

चि. सौ. सुभद्रेस आशीर्वाद. आधी खुशाली, मग बाकीचं.

इथे आल्यापासून मी देवळाचे दोन दरवाजे, एक पाट आणि रक्तदाब मोजताना हाताखाली घ्यायचा सागवानी ठोकळा, असं सगळं स्वतःच्या हाताने केलं. कुणाकडे शिकलो नाही, तुला ठाऊकच आहे.

ठोकळा दवाखान्यातल्या विनीता सिस्टरमुळे झाला. त्या म्हणाल्या, "हात छातीच्या उंचीवर टेकवा, पाच मिनिटं गप्प बसा, मग मोजा." टेबलापासून उंची पावणेसहा इंच बसली. गप्प बसणं अजून बसायचं आहे.

मागच्या महिन्यात रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे तीसवर आला, तेव्हा काम झालं समजून मी गोळी बंद केली. अकरा दिवसांनी एकशे बहात्तर. मी म्हटलं, मशीन खराब आहे. सिस्टरनी दुसऱ्या मशीनने मोजलं, तेवढाच. म्हणाल्या, "काकासाहेब, दरवाजा नीट लागला की तुम्ही बिजागऱ्या काढून घेता का?"

मग त्यांनी मिठाचं विचारलं. मी सांगितलं, वरून मीठ तर मी घेतच नाही.

"आणि पोह्यांवर मूठभर शेव? ती बिना नमकची येते?"

शेव मी हिशेबात धरली नव्हती.

आता रोज सकाळी सातला गोळी घेतो आणि आकडा सुताराच्या पेन्सिलीने भिंतीवर लिहितो. काल एकशे चौतीस होता. तू धारहून निघून येऊ नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

डॉक्टरांनी ठोकळा दवाखान्यासाठी मागितला. तो माझ्या मापाचा आहे आणि मला रोज लागणार आहे, म्हणून नाही म्हटलं. दोन हजार देत होते.

यशवंत