माझ्या काडीमोडीला माझ्याच खुर्च्या

२६ डिसेंबर

चाळीस! माझ्या चाळीस खुर्च्या!

नाताळच्या गर्दीसाठी चर्चला दिल्या होत्या. एका दिवसापुरत्या. आणि काल भर प्रार्थनेत बादूनं, माझ्या नवऱ्यानं, माइक हातात घेतला. माइक दिसला की त्याला राहवत नाही. "बंधूंनो, तुम्ही बसला आहात त्या चाळीस खुर्च्या मी आजपासून देवाच्या घराला अर्पण करतो!" टाळ्या. ढोल. पास्टरांनी मिठी मारली. बायका माझ्याकडे बघून रुमाल हलवायला लागल्या. मीपण हलवला! काय करणार!

धंदा माझा. कुमासी शहरातल्या लग्नांना आणि मयतांना मंडप-खुर्च्या भाड्यानं देतेय अकरा वर्षं. घरी येऊन विचारलं, मला विचारलं का नाहीस? म्हणाला, "तू नाही म्हणाली असतीस."

हेच! सोळा वर्षं हेच. माझं उत्तर त्याला आधीच माहीत असतं, म्हणून प्रश्नच नाही. माझा फ्रीज त्याच्या बहिणीकडे गेला तेव्हा मला कळलं कधी? दूध नासल्यावर.

काडीमोड घेणार. ठरलं. पण सण उरकल्यावर. घरात पाहुणे आहेत आणि एकतीसपर्यंत सात मंडप बांधायचेत.

२८ डिसेंबर

अम्पोन्सा मामांकडे जाऊन आले. आईच्या घराण्याचे प्रमुख तेच. त्यांनी बाटली स्वीकारली तेव्हा लग्न लागलं. मोडायचं तर बाटली त्यांच्याच हातून परत जायला हवी. चांगल्यातली श्नॅप्स दारू घेतली, गळ्याला माझी निळी फीत बांधली. स्वस्तातली नेली तर म्हणतील, हिचा राग काही खरा नाही.

ओसरीवर पाहुणेच पाहुणे. बोलायला सवड नाही. मामींच्या हातात बाटली दिली. म्हटलं, "बाजूला ठेवा, कशासाठी ते सणानंतर येऊन सांगते." मामींनी गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, गुणाची ग बाई!

३० डिसेंबर

बादू शिट्टी वाजवत अंघोळ करतो. आता तेवढंही सहन होत नाही.

१ जानेवारी

मामांनी ती बाटली फोडली!!

सगळं घराणं अंगणात उभं. मामा पूर्वजांना एकेका नावानं हाक मारत जमिनीवर धार सोडत होते. पाहते तर बाटलीच्या गळ्याला माझी निळी फीत. "ही आमच्या कोनादूनं आणलीय. तिचा नि बादूचा संसार सुखाचा होवो! त्यांना जुळं होवो!"

मी त्रेचाळीस वर्षांची आहे.

"होवो! होवो!" सगळे ओरडले. सर्वांत मोठा आवाज बादूचा. मग एकच पेला, आधी त्याला, नंतर मला. घराण्यासमोर नाही कसं म्हणू? प्यायले. श्नॅप्स मात्र उत्तम होती.

३ जानेवारी

मामांना सांगून टाकलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"ती काडीमोडीची बाटली होती?"

"हो, मामा."

"मग बोलायचं नाही का, पोरी!"

"मामींना म्हटलं होतं, बाजूला ठेवा."

"बाजूलाच ठेवली होती. म्हणून तर तेवढी एकच उरली!"

आता पंचाईत अशी, की पूर्वजांना कळवून झालंय. "परवा जुळं मागितलं, आज म्हणू मोडतोय? ते म्हणतील, अम्पोन्साला चढलेली दिसतेय." मग तोडगा निघाला: बाटल्या दोन. एक आशीर्वाद मागे घ्यायला, दुसरी बादूच्या घराण्याला परत करायला. दोन्ही घराणी समोरासमोर बसणार, सगळ्यांच्या साक्षीनं.

आणि दिवस? मामांनी कॅलेंडर काढलं. मार्चपर्यंतचे सगळे शनिवार मयतांना दिलेले. त्यातल्या चार ठिकाणी मंडप माझाच, म्हणजे मी वाद कसा घालणार! शेवटी गुरुवार मिळाला. २९ जानेवारी.

५ जानेवारी

बादूला सांगितलं. भांडी घासता घासता सांगितलं.

"खुर्च्यांवरून?"

"न विचारण्यावरून."

त्यानं एक ताट पुसून फळीवर ठेवलं. मग म्हणाला, "बरं, यापुढं विचारत जाईन." क्षणभर वाटलं, झालं, बोलला एकदाचा! संध्याकाळी शिडी शोधायला गेले तर शेजाऱ्याला देऊन टाकलेली. माझी शिडी!

१२ जानेवारी

हर्माटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ. खुर्च्या धुते, वाळेपर्यंत पुन्हा लाल. रडायला बरं पडतं, कुणी बघितलं तर धूळ गेली म्हणायचं.

गावभर झालंय. टोमॅटोवालीनं तराजू खाली ठेवून चौकशी केली. मारतो का? नाही. पितो? नाही. बाहेर बाई? नाही. ती म्हणाली, "ताई, सोडलास की मला दे."

काय सांगू तिला? वाईट माणूस असता तर एका वाक्यात सांगता आलं असतं. हा चांगला आहे आणि त्याच्या संसारात मी कपाटासारखी उभी आहे. भीतीही वाटते. ती मेली शिट्टी बंद झाल्यावर घर कसं लागेल, ठाऊक नाही.

२४ जानेवारी

दोन्ही घराण्यांची मिळून एकशे दहा माणसं येणार. त्या दिवशी माझ्या बऱ्याच खुर्च्या एका सरदाराच्या मयताला गेलेल्या, उरतात सत्तर. चाळीस कमी पडतात. नेमक्या चाळीस!

गेले चर्चमध्ये. सेक्रेटरी म्हणाला, अर्ज द्या, कारण लिहा. लिहिलं: काडीमोड. त्यानं चष्मा पुसला. "भगिनी, देवाचं सामान काडीमोडीला देता येत नाही." मी कागद फाडला, नवा घेतला. लिहिलं: कौटुंबिक प्रार्थनासभा. शिक्का मारून दिला.

खुर्च्या घरी आल्या. प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात: ब्रदर बादू आणि कुटुंब यांजकडून.

आज हसले. एकटीच, अंगणात, पोट दुखेपर्यंत.

२९ जानेवारी

झालं.

माझ्या मंडपाखाली, माझ्याच खुर्च्यांवर. सभेत वडीलधाऱ्यांशी सरळ बोलायचं नसतं. हातात काठी घेतलेल्या मधल्या माणसाला सांगायचं, तो ते गोड करून पुढे सांगतो. मी म्हटलं, "हा मला कधीच काही विचारत नाही."

मधला माणूस खाकरला. "कोनादू म्हणते, पतीचा तिच्यावर इतका विश्वास आहे, की त्याला विचारायची गरजच वाटत नाही."

टाळ्या!

मी उठून ओरडले, "असं नाही हो! खोटं आहे हे!"

"कोनादू नम्रपणे आणखी दोन शब्द जोडू इच्छिते."

असं तासभर. मी जितकी चिडत होते तितकी त्याच्या तोंडून सोन्यासारखी बायको होत होते. बादूची आत्या तर म्हणाली, अशी सून सोडायची नाही!

मग बादूला उभं केलं. कुणीतरी माइक दिला. मी मनात बारा मुद्दे तयार ठेवले होते. तो हे म्हणाला तर ते, ते म्हणाला तर हे. त्यानं माइक खुर्चीवर ठेवला. मधल्या माणसाकडेही बघितलं नाही. थेट माझ्याकडे बघून म्हणाला, "ती म्हणते ते खरं आहे."

आणि बसला. संपलं!

मामांनी आशीर्वाद मागे घेतला, दुसरी बाटली पलीकडे गेली. बादूनं माझ्या पायांशी पांढऱ्या मातीची पूड सोडली. म्हणजे आता तू सुटलीस. पायांना गार लागली. मला इतका राग आला! सोळा वर्षांच्या बायकोसाठी माणसानं थोडं तरी भांडावं की नाही? एक मुद्दा? अर्धा?

मंडळी जेवून, दोन्ही बाटल्या संपवून गेली. बादू मागे राहून खुर्च्या रचत होता. दहा-दहाच्या चळती, पाय आत, मी रचते तशा. मला वाटायचं, यानं कधी बघितलंच नाही.

३० जानेवारी

ट्रंक नि बॅग घेऊन गेला. घर माझ्या आईचं, जायचं त्यालाच होतं. रात्री जेवायला फुफूचा गोळा कांडला. झाकून ठेवला.

६ फेब्रुवारी

टोमॅटोवालीनं त्याचा नंबर मागितला. दिला नाही. का, ते मला विचारू नये.

११ फेब्रुवारी

बादू आला होता. आत शिरला नाही, फाटकापाशीच थांबला. नव्या खोलीत बसायला काही नाही म्हणाला. "कोनादू, एक खुर्ची भाड्यानं मिळेल का?"

विचारलं त्यानं!

मी म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणाला, आणि गेला. रुसला नाही. समजावत बसला नाही.

इतकं सोपं होतं. चळतींच्या मागे बसून ढसाढसा रडले.